विश्वचषक खेळलेला संघ आणि विश्वचषक हुकलेला संघ

भारताच्या 17 वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की गाडी 2017 वर येऊन थांबते. साहजिकच आहे. 6 ऑक्टोबर 2017 ला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अमेरिकेविरुद्ध उतरलेली ती मुलं म्हणजे फिफाच्या विश्वचषकात खेळलेला भारताचा पहिला संघ. पण ते तिकीट यजमानपदाचं होतं. माझं मत विचाराल तर या वयोगटातला आपला सगळ्यात पक्का संघ त्याच्या पुढच्या वर्षीचा, 2018 चा. तो विश्वचषकाला गेलाच नाही, एका गोलने राहिला. हे दोन संघ शेजारी ठेवून पाहिले की आपलं कुठे अडतं ते बऱ्यापैकी उलगडतं.

आधी 2017. गटात अमेरिका, कोलंबिया आणि घाना. निकाल 0-3, 1-2 आणि 0-4. एकूण 9 गोल खाल्ले. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, पण गोल कितव्या मिनिटाला झाले ते फारसं कुणी पाहत नाही. अमेरिकेचे गोल 30, 51 आणि 84 व्या मिनिटाला. कोलंबियाचे 49 आणि 83 व्या. घानाचे 43, 52, 86 आणि 87 व्या. म्हणजे तिन्ही सामन्यांत मध्यंतरानंतर 49 ते 52 या चार मिनिटांच्या खिडकीत एकेक गोल बसला, आणि 80 व्या मिनिटानंतर एकूण चार. पहिल्या हाफमध्ये तीन सामने मिळून फक्त दोन, त्यातला एक पेनल्टीवर.

मुलांना खेळ येत नव्हता म्हणून असं झालं नाही. पहिल्या हाफमध्ये आखून दिलेली रचना त्यांनी नीट सांभाळली. बचावाची आणि मधली अशा दोन फळ्या जवळजवळ ठेवायच्या, मधली जागा बंद करायची, समोरच्याला कडेने खेळायला लावायचं. प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस मार्च 2017 मध्ये आले. त्याआधीचे निकोलाय अ‍ॅडम वर्षाच्या सुरुवातीलाच गेले होते. सात महिन्यांत एखादा प्रशिक्षक बचावाची शिस्त बसवू शकतो, आणि ती त्यांनी बसवली. पण मध्यंतरात समोरचा प्रशिक्षक आपल्या खेळाडूंच्या जागा बदलतो, दबाव कुठून टाकायचा ते बदलतो. तो बदल पहिल्या पाच मिनिटांत मैदानावर ओळखायचा आणि एकमेकांना ओरडून सांगायचा, हे शिबिरात शिकवून येत नाही. त्यासाठी तोडीस तोड संघांशी खूप सामने खेळावे लागतात. 80 व्या मिनिटानंतरचं कारण आणखी साधं. 6, 9 आणि 12 ऑक्टोबर, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी सामना, आणि चेंडू समोरच्याकडे असताना बचाव करणारा संघ जास्त धावतो. पाय जड झाले की दोन फळ्यांमधलं अंतर वाढतं, आणि गोल तिथूनच पडतात.

अमेरिकेविरुद्धचा तिसरा गोल पुन्हा पाहाच. अन्वर अलीचा फटका क्रॉसबारवर आदळून परत आला. तो आत गेला असता तर 1-2. पण अन्वर हा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. तो पुढे गेलेला, मागे जागा मोकळी, आणि त्याच चेंडूवर झालेल्या प्रतिहल्ल्यात अँड्र्यू कार्लटनने 0-3 केलं. कोलंबियाविरुद्ध तर काळीज तुटतं. 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जिक्सन सिंगने हेडरने गोल केला, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. सेंटरवरून खेळ पुन्हा सुरू झाला आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाच्या पेनालोझाने 2-1 केलं. गोल केल्यानंतरची दोन मिनिटं गोल खाण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. अशा वेळी चेंडू मागे खेळवायचा, थ्रो-इनला वेळ घ्यायचा, बाहेर मारायचा. 16-17 वर्षांच्या मुलांना भरलेल्या स्टेडियममध्ये ते सुचणं कठीण, आणि त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही.

या संघाचे मराठी धागेही सांगायला हवेत. 21 जणांत 8 एकट्या मणिपूरचे होते, पण आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. ज्या गावात पेठांच्या तालमींचे सामने बघायला शाहू स्टेडियम भरतं, तिथून एक मुलगा विश्वचषकापर्यंत जाणं हे कधीतरी व्हायचंच होतं. विश्वचषकानंतर याच मुलांचा इंडियन अ‍ॅरोज संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये उतरला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 हरवलं, आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे. दुसरा धागा नमित देशपांडे, अमेरिकेत वाढलेला सेंटर बॅक. परदेशातल्या मराठी पालकांनी यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. मुलगा तिकडे जन्मला असेल आणि त्याच्याकडे तिकडचा पासपोर्ट असेल, तर तो कितीही चांगला खेळत असला तरी भारताच्या संघात बसत नाही.

आता वयाचा मुद्दा, कारण या वयोगटाचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. विश्वचषक त्या काळी दोन वर्षांतून एकदा व्हायचा. 2017 साठी 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता, 2019 साठी 1 जानेवारी 2002. मग 2001 मध्ये जन्मलेल्या मुलाचं काय? 2017 ला तो आपल्यापेक्षा वर्षभर मोठ्या मुलांशी जागेसाठी भांडायचा आणि 2019 ला वयाने बाद. त्याच्या वाट्याला एकच संधी, तीही अर्धवट. जिक्सनचा जन्म जून 2001 चा. म्हणजे भारताचा तो एकमेव गोल गटातल्या धाकट्यांपैकी एकाने केला होता. आता विश्वचषक दरवर्षी होतो, त्यामुळे प्रत्येक जन्मवर्षाला स्वतःची एक स्पर्धा मिळते. हा बदल आपल्यासारख्या देशाला फार मोलाचा आहे.

कागदावरचं वय आणि हाडाचं वय यांतला फरक पकडायला 2009 पासून या विश्वचषकात डाव्या मनगटाचा एमआरआय वापरला जातो. अंगठ्याच्या बाजूला असलेल्या रेडियस या हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड वाढवणारा कूर्चेचा थर, असते. ती किती जुळली आहे त्यानुसार 1 ते 6 अशी श्रेणी देतात. 1 म्हणजे पूर्ण उघडी, 6 म्हणजे पूर्ण जुळलेली. 17 वर्षांखालच्या मुलात श्रेणी 6 सापडणं इतकं दुर्मीळ की तसा अहवाल आला की मुलगा बाहेर. मात्र ही चाचणी एकाच बाजूने बोलते. श्रेणी 6 आली तर वय जास्त आहे हे जवळपास नक्की, पण श्रेणी 4 किंवा 5 आली म्हणजे मुलगा 17 च्या आतलाच आहे असं सिद्ध होत नाही. अनेकांचं हाड 18-19 पर्यंत पूर्ण जुळत नाही. मुलींची हाडं लवकर जुळतात, म्हणून त्यांना हा निकष तसाच्या तसा लावता येत नाही. लहान गटांत एक्स-रेवरून हाडाचं वय काढणारी टीडब्ल्यू-3 पद्धत वापरतात, पण मुलांमध्ये तिचं माप साडेसोळा वर्षांवर संपतं. त्यामुळे 17 च्या गटात ती उपयोगाची नाही.

संघ बांधताना याचा थेट परिणाम होतो. दोन वर्षं ज्याच्याभोवती रचना बसवली तो मधला बचावपटू ऐनवेळी चाचणीत गळाला, तर अख्खी बचावफळी नव्याने जुळवावी लागते. म्हणून निवडीच्या वेळी एक चाचणी आणि स्पर्धेच्या तोंडावर पुन्हा एक, असं करणं शहाणपणाचं. मधल्या काळात श्रेणी 5 ची 6 होऊ शकते, अगदी खऱ्या वयाच्या मुलाचीसुद्धा, क्वचित का होईना.

आता तो दुसरा संघ. 2018 ची आशियाई 16 वर्षांखालील स्पर्धा, म्हणजे 2019 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकाची पात्रता, मलेशियात झाली. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. स्पर्धेआधी ऑगस्टमध्ये अम्मानला याच मुलांनी इराकला 1-0 हरवलं होतं. इराक म्हणजे 2016 चा आशियाई विजेता, आणि ते विजेतेपद त्यांनी आपल्याच गोव्यात जिंकलेलं. त्या 2016 च्या स्पर्धेत यजमान भारत संयुक्त अरब अमिरातीकडून 2-3 हरला, सौदीशी 3-3 बरोबरीत राहिला आणि इराणकडून 0-3 हरून गटातच संपला. नऊ गोल खाल्ले.

मलेशियात चित्र उलटं. व्हिएतनामवर 1-0, 86 व्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंगची पेनल्टी. इराणशी 0-0, त्यात गोलकीपर नीरज कुमारने पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशी 0-0. गटात एकही गोल न खाता उपांत्यपूर्व फेरी. या वयोगटात तिथवर पोचायला 2002 नंतर 16 वर्षं लागली होती, आणि दोन्ही वेळा समोर दक्षिण कोरिया. 2002 ला 1-3 हार झाली होती. 1 ऑक्टोबर 2018 ला सामना जिंकला असता तर उपांत्य फेरी, आणि उपांत्य फेरी म्हणजे थेट 2019 चा विश्वचषक. आशियाच्या तेव्हा चारच जागा होत्या. 68 व्या मिनिटाला नीरजने एक फटका अडवला, चेंडू हातून सुटून समोर पडला आणि जोंग सांग-बिनने रिबाउंडवर गोल केला. 0-1. चार सामन्यांत भारताने खाल्लेला तो एकमेव गोल.

रिबाउंडवर गोल बसला की लोक गोलकीपरला धरतात. पण जोरकस फटका हातात धरता येत नसेल तर तो बाजूला ढकलायचा, आणि समोर पडलाच तर पहिला पाय बचावपटूचा पोचायला हवा. फटका सुटला त्या क्षणी बचावपटूंनी चेंडूकडे बघत उभं न राहता गोलकडे धाव घ्यायची असते. इथे अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. तरीही माझी खरी तक्रार त्या गोलबद्दल नाही. चार सामन्यांत एक गोल खाणाऱ्या संघाने चार सामन्यांत एकच गोल केला, तोही पेनल्टीवर. बचाव शिकवता येतो, शिबिरात घोटून घेता येतो. गोल करणारा नऊ नंबर शिबिरात तयार होत नाही. तो 12-13 व्या वर्षापासून दर आठवड्याला खऱ्या सामन्यांत गोल करत वाढावा लागतो, आणि आपल्याकडे त्या वयात वर्षभर चालणारी लीग फारच थोड्या शहरांत आहे. त्याच स्पर्धेत ताजिकिस्तान अंतिम फेरीत गेलं, जपानकडून 0-1 हरलं आणि विश्वचषकाला पोचलं. त्यांना जमलं ते आपल्या आवाक्याबाहेरचं नव्हतं.

दक्षिण आशियात आपण राज्य करतो, पण त्यावरून फार काही कळत नाही. 2019 च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळला 7-0, 2022 ला कोलंबोत पुन्हा नेपाळला 4-0. करंडक मिळतो, मुलांना जिंकायची सवय लागते, इतकंच. 2023 च्या आशियाई चषकात व्हिएतनामशी 1-1, उझबेकिस्तानकडून 0-1 आणि जपानकडून 4-8. जपानला चार गोल मारणं ही लहान गोष्ट नव्हे, पण आठ खाल्ल्यावर तिचं मोल उरलं नाही. ऑक्टोबर 2024 च्या पात्रता फेरीत ब्रुनेईला 13-0 धुतलं, तुर्कमेनिस्तानला 1-0 हरवलं आणि निर्णायक सामन्यात थायलंडकडून 2-3 हरलो. पात्रता हुकली. त्या 13 गोलांनी काहीही वाचवलं नाही.

मग नोव्हेंबर 2025, अहमदाबाद. पुन्हा बिबियानो फर्नांडिस. गटातून फक्त पहिला संघ पुढे जाणार होता. पॅलेस्टाइनशी 1-1, चायनीज तैपेईवर 3-1, लेबनॉनकडून 0-2. शेवटच्या सामन्यात इराणला हरवण्याखेरीज पर्याय नव्हता, आणि इराणने आधी गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर डल्लालमुओन गांगतेने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मध्यंतरानंतर काही मिनिटांतच गुनलेइबा वांगखेइराकपमने 2-1 केलं. ज्या वेळेत 2017 चा संघ तिन्ही सामन्यांत गोल खात होता, त्याच वेळेत या मुलांनी गोल केला. त्यानंतरचा जवळपास अख्खा हाफ इराणने हल्ले चढवले आणि बचावफळी हलली नाही. 2026 च्या आशियाई चषकाचं तिकीट असं मैदानावर कमावलेलं आहे.

नियमही आता आपल्या बाजूने वाकलेत. विश्वचषकात 48 संघ असतात, आणि आशियाई चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली की विश्वचषकाची जागा पक्की. म्हणजे 2018 च्या संघाने जिथवर मजल मारली होती, तेवढी आज पुरेशी आहे. त्यासाठी गटातल्या तीन सामन्यांतून साधारण पाच गुण लागतील, एक विजय आणि दोन बरोबऱ्या, अगदी नीरज आणि विक्रमच्या संघाने मिळवले होते तितकेच.