हॉल इन टिरोल: मीठ आणि चांदीवर उभे राहिलेले गाव

कोल्हापुरातून युरोपच्या सहलीला जाणारी मंडळी ऑस्ट्रियात बहुधा इन्सब्रुकचे सोनेरी छत पाहतात आणि तिथून वॅटन्सचे स्फटिकांचे दालन पाहायला जातात. या दोहोंच्या मध्ये, इन नदीच्या काठी, हॉल हे जुने गाव आहे. परंतु सहलीची बस तिथे थांबत नाही. माझे आजोळ हुपरीचे, घरात चांदीच्या पैंजणांचा व्यवसाय, आणि हॉल तर चांदीच्या नाण्यांचे गाव. म्हणून इन्सब्रुकला मिळालेला मोकळा दिवस मी हॉलसाठी राखून ठेवला. रेल्वेने दहा-एक मिनिटांत तिथे पोहोचता येते.

गावाच्या उत्तरेला बेटेलवुर्फचे करडे कडे उभे आहेत आणि त्यांच्या पोटातील मिठानेच हे गाव वसवले. डोंगरातील मीठ खणून काढण्याऐवजी त्यात गोडे पाणी सोडून ते विरघळवत, ते खारे पाणी लाकडी नळांतून खोऱ्यातून खाली गावात आणत आणि मोठ्या कढयांत आटवत. या भट्ट्यांना लागणारे लाकूड इन नदीच्या प्रवाहातून वाहत येई आणि ते अडवण्यासाठी नदीत लाकडी अटकाव बांधलेला असे. 1303 मध्ये हॉलला नगराचे अधिकार मिळाले, आणि मिठाचे काम थेट 1967 पर्यंत चालू राहिले. इतक्या दीर्घ कमाईची साक्ष वरच्या चौकातील उंच, जाड भिंतींची घरे आजही देतात.

माझे पाऊल खऱ्या अर्थाने अडखळले ते हासेग किल्ल्यातील टांकसाळीत. टिरोल प्रांताचा शासक आर्चड्यूक सिगिसमुंड याने 1477 मध्ये टांकसाळ मेरानहून हॉलला हलवली, कारण जवळच्या श्वात्सच्या खाणींतून चांदी भरभरून निघत होती. सोने कमी आणि चांदी मुबलक, अशा स्थितीत 1486 मध्ये इथे एक मोठे चांदीचे नाणे पाडले गेले, ज्याचे मोल गुल्डन नावाच्या एका सोन्याच्या नाण्याइतके ठरवलेले होते. त्याचे वजन सुमारे 32 ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळपास पावणेतीन तोळे. युरोपभर पुढे जी मोठी चांदीची नाणी चालली, त्यांचा हा मूळपुरुष.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात टांकसाळ या किल्ल्यात आली आणि हातोड्याच्या घावांची जागा फिरत्या रुळांच्या यंत्राने घेतली. त्या यंत्राची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती इथे उभी आहे आणि तिच्यासमोरून मला हलवेना. दोन लोखंडी रूळ एकमेकांवर बसवलेले असतात, दोन्हींवर नाण्याच्या दोन बाजूंचे ठसे उलटे कोरलेले असतात, पाणचक्कीच्या जोरावर ते फिरतात आणि मधून चांदीची पट्टी जाते. पलीकडे निघणाऱ्या पट्टीवर नाणी ओळीने उमटलेली असतात, ती मग कापून काढायची. रुळांच्या गोलाईमुळे या नाण्यांना किंचित बाक येतो. आमच्या मामांच्या कारखान्यात आटणी, म्हणजे वितळवण्याचे काम, झाल्यावर चांदी याच रीतीने रुळांतून काढून तिचा पत्रा करतात; म्हणून यंत्राचे काम समजून घ्यायला मला फलक वाचावा लागला नाही. टिरोलचा त्या वेळचा शासक फर्डिनांड याने आपला चुलतभाऊ, स्पेनचा राजा दुसरा फिलिप, याला असे यंत्र आणि ते चालवणारे कारागीर पुरवले आणि त्यातून सेगोव्हियाची टांकसाळ उभी राहिली. राजांच्या देवघेवीत कारागिरांचा असा उल्लेख वाचून मला मनापासून बरे वाटले.

सेंट निकोलस चर्चमध्येही जाऊन आलो. सभामंडप एका अंगाने वाढवल्यामुळे त्याची वेदी मध्यावर न राहता बाजूला सरकलेली दिसते, ते आवर्जून पाहावे. टांकसाळ 1809 नंतर बंद झाली; तरी पाहुण्यांना आजही तिथे स्वतःच्या हाताने एक नाणे पाडता येते. आपल्याकडच्या सहल आयोजकांनी अर्धा दिवस इथे द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण डोंगर, नदी आणि कारागिरी यांचा एकमेकांशी असलेला व्यवहार इतक्या थोड्या अंतरात क्वचितच पाहायला मिळतो.

परतल्यावर मामांना फोटो दाखवले. त्यांनी किल्ला, चर्च आणि हिमशिखरे भराभर पुढे सरकवली, 1486 च्या नाण्याचे चित्र मोठे करून बराच वेळ निरखले आणि विचारले, “टंच किती?” शेकडा सुमारे 94 शुद्ध चांदी, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “त्या काळात एवढा? मग आटणीवाला पक्का माणूस असणार,” आणि रुळाचा फोटो आपल्या मोबाईलवर पाठवायला सांगितला.