हार्लेमच्या कोपऱ्यावर अडलेलं भाषण

हार्लेमला, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीत, निघताना मी मंगळसूत्र काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. ही कबुली आधीच देऊन टाकते. न्यू जर्सीच्या मंडळातल्या एका काकूंनी बजावलं होतं, "तिकडे सोनंबिनं घालून जाऊ नका हं." काकू बावीस वर्षं इथे राहतात आणि हार्लेमला एकदाही गेलेल्या नाहीत, हे नंतर कळलं.

दीड महिन्यात लेकीने बरंच दाखवलं. नायगारा झाला (भिजलो), वॉशिंग्टन झालं (चाललो). लिहावंसं वाटतंय ते मात्र एकाच शनिवारबद्दल.

सकाळी कोलंबिया विद्यापीठात गेलो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ इथे शिकले. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे, लेकीच्या ओळखीने आत जाता आलं. नमस्कार केला आणि तिथून खाली हार्लेमकडे निघालो. खाली म्हणजे अक्षरशः खाली. विद्यापीठ टेकाडावर, वस्ती पायथ्याशी आणि मधे मॉर्निंगसाइड पार्कच्या पायऱ्या, गुडघ्यांचा जीव घेणाऱ्या. १९६८ साली विद्यापीठाने याच सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायला घेतली होती. विद्यापीठवाल्यांचं दार वर, हार्लेमच्या लोकांचं दार खाली, मागच्या बाजूला. वेगळ्या दाराचा अर्थ आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. विद्यार्थी आणि वस्ती दोघंही पेटले, काम बंद पडलं. खणलेल्या खड्ड्यात आता तळं आहे आणि छोटासा धबधबाही. मला तो नायगाऱ्यापेक्षा आवडला, समोर बसायला बाक होता.

१३५व्या रस्त्यावर आमची वाट बघत होती ती वस्तीतली सहा-सात मुलं. शनिवारी ही मुलं पाहुण्यांना परिसर फिरवून दाखवतात, असं लेकीने कुठूनसं शोधून काढलं होतं. तिकीट नाही, शेवटी टोपीत जमेल तेवढं टाकायचं. सगळी तेरा ते सतरा वर्षांची. सोबत साठी ओलांडलेले एक निवृत्त बसचालक, मुलं त्यांना 'कोच' म्हणत होती. खेळाशी त्यांचा काही संबंध दिसला नाही. ते सगळ्यांच्या मागून चालायचे आणि जवळजवळ काहीच बोलायचे नाहीत. मला वाटलं, कंटाळलेत.

शॉम्बर्ग केंद्रासमोर एका चुणचुणीत मुलीने आर्तुरो शॉम्बर्गची गोष्ट सांगितली. जन्म १८७४, पोर्तो रिकोतला. लहानपणी एका शिक्षिकेने त्याला सांगितलं म्हणे, की काळ्या लोकांना इतिहासच नाही. मग हा माणूस आयुष्यभर पुस्तकं, पत्रं, चित्रं गोळा करत राहिला आणि १९२६ मध्ये तो सगळा संग्रह याच रस्त्यावरच्या ग्रंथालयात आला. 'शिक्षिका' म्हणताना तिने माझ्याकडे बघितलंही नव्हतं, तरी मी उगाच पदर सावरला. एकतीस वर्षं मी मास्तरीण होते.

नंतर पंधराएक वर्षांचा एक उंच मुलगा पुढे आला. विषय एला बेकर. ती हार्लेममध्येच राहायची, काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतली सगळी मोठी माणसं तिला ओळखायची, पण फोटोत ती क्वचितच पुढे दिसते, अशी झकास सुरुवात केली त्याने. मग म्हणाला, "एप्रिल १९६०..." आणि अडकला.

अडकला म्हणजे पार अडकला. पुन्हा "एप्रिल १९६०" म्हणाला. पलीकडे बस थांबली, माणसं उतरली, बस गेलीसुद्धा. मघाची मुलगी फिसकन हसली. त्याने कोचकडे पाहिलं. कोच वाकून बुटाची नाडी बांधत होते. ती आधीच नीट बांधलेली होती, मी बघितली होती!

माझा जीव नुसता वरखाली होत होता. तो काय विसरलाय हे मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, तरी माझे ओठ हलायला लागले. लेकीने कोपर मारलं, "आई, गप्प राहा."

शेवटी तोच म्हणाला, "विसरलो. कुणीतरी काहीतरी विचारा मला."

मागून एका बाईंनी विचारलं, "तेव्हा ती किती वर्षांची होती?"

"छप्पन," तो पटकन म्हणाला, आणि गाडी सुटली. त्या फेब्रुवारीत ग्रीन्सबरोत चार कॉलेजकुमार फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि गावोगावची पोरं तसंच करू लागली. बेकरबाईंनी मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेकडून ८०० डॉलर घेतले आणि ईस्टरच्या सुट्टीत या पोरांना रॅली शहरातल्या शॉ विद्यापीठात एकत्र बोलावलं. मोठ्या नेत्यांना ही पोरं आपली युवा शाखा म्हणून हवी होती. बाई म्हणाल्या, त्यांचं त्यांना ठरवू द्या. पोरांनी स्वतःची संघटना काढली. बाई बैठकांत मागे बसून प्रश्न विचारायच्या. त्यांना 'फुंडी' म्हणायचे, असं तो म्हणाला. स्वाहिली शब्द आहे, हातातलं कसब पुढच्या पिढीला देणारा कारागीर.

टोपीत पैसे टाकताना मी कोचना विचारलंच, "तुम्ही सांगितलं का नाही त्याला?"

ते हसले. "मला तरी कुठे आठवत होतं?" मग त्या फिसकन हसणाऱ्या मुलीकडे मान करून म्हणाले, "पुढच्या शनिवारी बेकर तिच्याकडे आहे. तोच शिकवणार आहे तिला."

परतीच्या गाडीत मी मंगळसूत्र घातलं. लेकीने बघितलं, काही बोलली नाही. मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवत होता. तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा, विषय सावित्रीबाई. भाषण मी लिहिलेलं, "आदरणीय व्यासपीठ"पासून "जय हिंद"पर्यंत, हात कुठे उचलायचा तेही समासात लिहिलेलं. पोरगं मधेच विसरलं. दोन सेकंदही झाले नसतील, मी पडद्याआडून खेकसले, "अरे, पुढे बोल ना!" आणि तो बिचारा माइकमधून खणखणीत आवाजात म्हणाला, "अरे, पुढे बोल ना!"

सभागृह हसून लोळलं. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. खरं तर ते मलाच मिळालं होतं.