डिसेंबरात गळणारा माळा

पहाटे पावणेसहाला बाईंचा फोन आला. “माळा गळतोय. आत्ताच्या आत्ता या. दहाला आलात तर काही दिसायचं नाही.”

पाचगणीत डिसेंबरात कसला पाऊस? आधी दोनदा माझी माणसं भर दुपारी जाऊन पत्र्याच्या स्क्रूंवर सीलंट मारून आली होती. काम आमचंच. बाईंचा पोटमाळा आम्ही उन्हाळ्यात राहण्याजोगा करून दिला होता: पत्र्याखाली ५० मिलिमीटरची ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारी काचतंतूंची गादी, एका अंगाला चकचकीत फॉईल; खाली जिप्सम बोर्ड. दिवाळीपासून सून आणि तान्हा नातू तिथे झोपत होते.

मी गाडी काढली, वाईहून पसरणीचा घाट चढून उजाडायच्या आत पोचलो. बाई हातात वही घेऊन दारातच उभ्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सवय जुनीच. गळतीची तारीख, वेळ, जागा, सगळं लिहिलेलं. एकही नोंद पहाटे चारच्या आधीची नव्हती आणि नऊच्या नंतरचीही नव्हती. छताला भोक असतं तर असं वेळापत्रक कशाला असतं?

बोर्डाची एक पट्टी कापली. हातात आली ती वूलची ओली गोधडीच. वर टॉर्च मारला. पत्र्याच्या आतल्या अंगावर थेंबांची दाट रांग, प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एक थेंब लोंबणारा. बाहेरून पाणी येतच नव्हतं. पाणी घरातलंच होतं.

निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. खाली खिडक्या बंद, दोन जीव झोपलेले. मोठं माणूस रात्रभरात श्वासातून, घामातून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. ती वाफ ग्लासवूलमधून वर चढत होती आणि गार पत्र्याखाली तिचं दव होत होतं. मिस्त्रीने फॉईलची बाजू वर, पत्र्याला चिकटवून लावली होती. ऊन परतेल म्हणून. मीच ते पाहून हो म्हटलं होतं. पण चकाकी उपयोगी पडते ती समोर मोकळी हवा असेल तरच. शिवाय ओली वूल म्हणजे इन्सुलेशन संपलंच. पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापली असती. बाळ होतं तिथे. ते मनातून जात नव्हतं.

सगळं उतरवलं. नवी वूल, फॉईल खोलीकडे, म्हणजे वाफ खालीच अडेल; प्रत्येक सांध्यावर फॉईल टेप. वायरींची भोकं मी स्वतः बुजवली. पत्रा आणि वूल यांच्यात ५० मिलिमीटर मोकळी जागा, वळचणीला आणि आढ्याला जाळी लावून हवेची वाट. त्यात माळ्याची दोन इंच उंची गेली. मुळात माळा ठेंगणा, म्हणून बाईंना विचारूनच केलं. पैसे घेतले नाहीत.

आठ दिवसांनी पुन्हा पहाटेच फोन. धस्स झालं.

“कोरडं आहे,” बाई कुजबुजल्या. “बाळ झोपलंय, म्हणून हळू बोलतेय.”