स्कूबा डाइव्ह नं. २३, मालवण: ५ किलो शिसं आणि एक म्हाकूल

मागच्या डाइव्हला रडलो होतो ना की टाकीतल्या हवेचा दाब ३२ मिनिटांतच २०० वरून ५० बारवर आला, तर यावेळी तेवढीच हवा ४६ मिनिटं पुरली! दम वगैरे काही वाढला नाहीये, बुडायला कमरेला बांधतात ते शिसं ७ किलोवरून ५ वर आणलं एवढंच. वजन जास्त झालं की तरंगायला जॅकेटमध्ये हवा भरा, मग वर जायला लागलो की सोडा, परत भरा, आणि या गडबडीत पाय मारून मारून धाप लागते नि तळाची वाळू उडते ती वेगळीच, मागच्याच्या शिव्या पाण्यात ऐकू येत नाहीत हे नशीब.

दुसरं म्हणजे तिथी. नोव्हेंबरात पौर्णिमेला गेलेलो तेव्हाच होडीवाले काका म्हणालेले, "उधाणाक खय उतरतंस, गढूळच गावतला." ऐकलं नाही, हात लांब केला तर बोटं दिसेनात. यावेळी अष्टमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तो दिवस, धरला. ओढ कमी, गाळ बसलेला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांच्या आडोशाला ५-६ मीटर साफ दिसत होतं. (हो, ५-६च. अंदमानवाल्यांनी हसू नये.)

७ मीटर खोलीवर पोराइट्स या प्रवाळाचा एक मोठा गोळा आहे, यावेळी पोहत न सुटता त्याच्याजवळच तरंगत राहिलो. पहिली पाच मिनिटं नुसते काळे पट्टेवाले सार्जंट मेजर मासे. मग खडकाचाच एक तुकडा हलला. म्हाकूल! कटलफिश हो, ताटातलं नव्हे. कडेची झालर लाटेसारखी फिरत होती, डोळ्यातली बाहुली डब्ल्यूसारखी वाकडी. मी श्वास सोडला की बुडबुड्यांच्या आवाजाने अंगभर झेब्र्यासारखे पट्टे उमटायचे, हळू घेतला की परत खडकाचा मळकट रंग. पुढचे दोन हात वर करून मला बघत मागे मागे सरकलं, गेलं मात्र नाही. अकरा मिनिटं! मास्क तेवढ्यात दोनदा धुरकटला, थुंकी नीट चोळली नव्हती, माझीच चूक.

वर आल्यावर काकांचा पहिला प्रश्न, "काय गावला?" म्हटलं म्हाकूल, हे एवढं. "मग हाडलंस नाय?" म्हटलं काका, १९८७ पासून अभयारण्य आहे इथे. "माका सांगतंस?" म्हणाले आणि इंजिनाची दोरी ओढली.

पुढची अष्टमी बघून ठेवलीय, शिसं साडेचार करून बघतो.