समासातला खबऱ्या

जूनपासून आत्तापर्यंत मी अकरा खून पचवले. बहुतेक रात्री, जेवणानंतरचं आवरून झाल्यावर, पलंगावर आडवं पडून. घरच्यांची तक्रार एवढीच की दिवा लवकर मालवत नाही.

पुस्तकं सगळी कोपऱ्यावरच्या वाचनालयातली. तिथल्या रहस्यकथांच्या कपाटातलं एकही पुस्तक धड नाही, पुठ्ठे निघालेले, पानं दोऱ्यावर तगलेली. त्याचं मला काही नाही. पण अगाथा ख्रिस्तीचं पहिलं पुस्तक, १९२० सालचं 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' उघडलं, जेमतेम सुरुवात केली, तर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ, शेजारी बाण, आणि समासात सुबक अक्षरात एकच शब्द: खुनी. अक्षर इतकं वळणदार की शिवी घालायलाही जीभ रेटेना. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणारं अक्षर.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवांनी १९२९ मध्ये रहस्यकथाकारांना दहा नियम घालून दिले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच कुठेतरी वाचकाच्या नजरेखालून गेला पाहिजे. लेखक नियमाने वागला की पेन्सिलवाल्याचं आयतंच फावतं.

पुस्तक मिटणारच होते. पण बाहेर पाऊस, आणि घरात दुसरं काही वाचायला नाही. म्हणून धुसफुसत पुढे गेले, आणि हळूहळू मजा यायला लागली. खुनी कळलेलाच असल्यामुळे माझं सगळं लक्ष लेखिकेच्या हातांवर. लग्नातल्या आचाऱ्याच्या मागे उभं राहून बासुंदीत काय काय पडतं ते बघावं, तसं.

एमिली इंगलथॉर्प या श्रीमंत म्हाताऱ्या बाईंवर स्ट्रिक्निनचा प्रयोग होतो. आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांत असतं तेच हे जहर, महाकडू. बाईंची कॉफी रात्री आठच्या सुमाराची, आणि झटके यायला लागतात पहाटे. एरवी हे विष इतका वेळ कुणाला देत नाही. मग मधले तास गेले कुठे? त्यात कडूपणा कॉफीत लपेल, कोकोत लपायचा नाही, हेही आपल्याला सांगून टाकलेलं. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई टॉर्कीच्या इस्पितळात औषधं देण्याचं काम करत होत्या, त्यामुळे बाटल्या, मापं सगळं हाताखालचं. आणि धीट किती! कोड्याची किल्ली आपल्यासमोर टेबलावर ठेवतात, आणि त्याच वेळी बंद दाराआडून भांडणाचा आवाज काढतात. आपण किल्ली सोडून भांडण ऐकायला धावतो. चाळीत वाढलेल्या माणसाचं तर विचारूच नका.

मधली काही पुस्तकं यथातथाच. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ काढणाऱ्या लेखकाबद्दल मला काही बोलायचं नाही.

पण केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'ने पेन्सिलवाल्याची पार पंचाईत केली होती. तोक्योत जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको पहिल्याच प्रकरणात, आपल्यादेखत, छळायला आलेल्या आधीच्या नवऱ्याचा जीव घेते. मुलगी मदतीला, आणि हत्यार म्हणजे थंडीत पाय शेकायच्या टेबलाची वायर. शेजारचा गणिताचा मास्तर इशिगामी पुढचं सगळं निस्तरायला घेतो. लपवायला उरलं काय? तरीही शेवटचं प्रकरण वाचता वाचता माझी तोंडली करपली. इतकी पानं आपण भलत्याच प्रश्नाच्या मागे धावत होतो, हे कळायला तेवढीच किंमत पडली म्हणायची. या पुस्तकाच्या समासात फक्त एक पुसट प्रश्नचिन्ह होतं.

एव्हाना माझ्या अंगात ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर प्वारो शिरलेला. पुस्तकांच्या मागे चिकटवलेल्या कागदावर सभासद क्रमांक असतात. बाण असलेली चार पुस्तकं पलंगावर मांडली. चारींत सामाईक क्रमांक एकच. दुसऱ्या दिवशी पुरावा घेऊन वाचनालयाच्या ताईंसमोर हजर.

ताईंनी मान वर न करता शिक्का मारला. "आजोबा आहेत एक. वाचलेलं विसरतात हो. खूण नसली की तेच पुस्तक परत नेतात, आणि अर्ध्यावर लक्षात आलं की चिडून आणून देतात."

"मग नुसती टिक करावी."

"करायचे आधी. टिक कशाची तेच आठवेना."

हेतू सापडल्यावर आरोपपत्र मागे घेणं आलं. मी कपाटाकडे वळले, तर ताईंनी टेबलाच्या खणातून एक पिवळं पडलेलं, खाकी कव्हराचं पुस्तक काढलं. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचं, त्यांच्या झुंजार या नायकाचं.

"हे न्या. ह्याला आजोबांचा हात लागलेला नाही."

"का?"

"शेवटची सहा पानं नाहीत."

मी नेलं.