पुणे ते गुहागर: घाटात बंद पडलेला अल्टरनेटर आणि १,७२० रुपयांची दुरुस्ती

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला मी, आई आणि धाकटा भाऊ असे तिघे पुण्याहून गुहागरला निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण हा आमचा नेहमीचा रस्ता. गाडी २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून ती १ लाख १८ हजार किलोमीटर धावलेली आहे. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, कूलंट आणि वायपरची रबरे तपासली होती. परंतु गेला महिनाभर गाडी सिग्नलला उभी असताना बॅटरीचा लाल दिवा मधूनच मिणमिणत असे आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझत असे, त्याकडे मी दुर्लक्ष केले. इंजिन मंद गतीवर असताना असा दिवा लागणे म्हणजे अल्टरनेटरमधले (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या आणि बॅटरी भरणाऱ्या यंत्रामधले) कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे, झिजत आल्याची किंवा बेल्ट सैल झाल्याची खूण असते, आणि त्याच वेळी गॅरेजमध्ये गेलो असतो तर पुढचे सगळे टळले असते.

पाटण सोडल्यावर तो दिवा लागला आणि या वेळी ॲक्सिलरेटर दाबूनही विझला नाही. सिगारेट लायटरच्या खोबणीत बसणारा छोटा व्होल्टमीटर माझ्याकडे होता. एरवी इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टच्या आसपास दाखवतो, तो आता १२.३ दाखवत होता. म्हणजे चार्जिंग पूर्ण थांबले होते आणि गाडी केवळ बॅटरीवर चालली होती. लगेच कडेला थांबून बॉनेट उघडले आणि आधी बेल्ट पाहिला. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरचाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे तो तुटला असेल तर इंजिन काही मिनिटांत तापते आणि अशा वेळी गाडी पुढे नेण्याचा विचारही करू नये. आमचा बेल्ट शाबूत होता, तापमानाचा काटा जागेवर होता, अल्टरनेटरच्या तारा घट्ट होत्या आणि मोठा फ्यूजही जळलेला नव्हता.

कोयनानगरला चहाच्या टपरीवर थांबून हिशेब केला. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर घेतात, आणि वायपर, इंधनाचा पंप, इग्निशन व इंजिनाचा संगणक यांचा खर्च त्यात मिळवला तर भरलेली बॅटरीसुद्धा दोन तासही नीट पुरणार नाही. कराडला परत जाण्यापेक्षा चिपळूण थोडे जवळ होते, पण मध्ये घाट होता. धुके विरेपर्यंत आम्ही पाऊण तास इंजिन बंद करून बसून राहिलो, आणि आधी ठरवले की व्होल्टमीटर १२ च्या खाली गेला असेल तर घाटात उतरायचे नाही, तिथूनच टो करणारी गाडी बोलवायची. धुक्यात बॅटरी वाचवण्यासाठी दिवे बंद ठेवून गाडी चालवणे हा शुद्ध आत्मघात आहे; दिवे लावावे लागणार असतील तर थांबावे. इंजिन सुरू केल्यावर १२.१ दिसले आणि रस्ता स्पष्ट दिसू लागला होता, म्हणून एसी, ब्लोअर, गाणी आणि मोबाइलचे चार्जर बंद करून आम्ही निघालो. वायपर मात्र चालू ठेवले.

उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली. बॅटरी किंवा पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर इंजिन बंद करण्याची सवय काहींना असते. तसे केल्यास ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते आणि स्टिअरिंगही जड होते. आमच्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते. घाट उतरून पोफळी मागे टाकल्यावर, शिरगावच्या अलीकडे व्होल्टेज ११.५ पर्यंत घसरले, स्टिअरिंगचा दिवा लागला आणि चाक एकदम जड झाले. हे घाटात घडले असते तर गाडी वळणावर आवरणे कठीण गेले असते, आणि म्हणून आज मला माझा तो निर्णय बरोबर वाटत नाही. पाटणलाच ऑटो इलेक्ट्रिशियन शोधायला हवा होता.

चिपळूणला बहादूरशेख नाक्याच्या परिसरात वाहनांच्या कामाची बरीच दुकाने आहेत. पहिल्या दुकानात बॉनेट न उघडताच सांगण्यात आले की अल्टरनेटर गेला आहे, नवा ९,५०० रुपयांना पडेल आणि तो यायला दोन दिवस लागतील. दुसऱ्या दुकानातले काका साठीचे होते. आईला त्यांनी "मावशी, आत पंख्याखाली बसा" म्हटले आणि मला म्हणाले, "गाडी बंद करू नका, आधी चालू इंजिनावर मोजतो." बॅटरीवर मोजल्यावर त्यांनी अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेवरही मीटर लावला. तिथे व्होल्टेज चांगले आणि बॅटरीवर कमी असे दिसले असते, तर दोष वायरिंगचा ठरला असता. दोन्हीकडे सारखेच कमी होते, म्हणजे दोष अल्टरनेटरच्या आतच होता.

काही ठिकाणी चालू गाडीच्या बॅटरीचा टर्मिनल काढून "इंजिन बंद पडते का" हे पाहतात. ते कुणालाही करू देऊ नका. बॅटरीचा आधार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणात उसळते आणि चांगले असलेले डायोड (अल्टरनेटरची वीज एकाच दिशेने वाहू देणारे भाग), प्रसंगी इंजिनाचा संगणकही जळतो. अल्टरनेटर उतरवण्यापूर्वी मात्र इंजिन बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल आधी काढलाच पाहिजे, कारण मागची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात.

अल्टरनेटर बाहेर काढून काकांनी मागचे झाकण उघडले तेव्हा आतून काजळीसारखी काळी पूड त्यांच्या तळहातावर पडली. कार्बनची जोडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. नवा कार्बन बोटाच्या एका पेराएवढा असतो. आमच्यातला एक झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला होता आणि त्याची स्प्रिंग रोटरवरच्या (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागावरच्या) तांब्याच्या कड्यांपर्यंत त्याला पोहोचवू शकत नव्हती. रोटरला वीज मिळत नव्हती, म्हणून चुंबक तयार होत नव्हते आणि बाकीचा अल्टरनेटर धडधाकट असून निरुपयोगी झाला होता. काकांनी कड्यांवरून नख फिरवून खाच किती खोल आहे ते पाहिले, बारीक पॉलिश पेपरने कडी तांबूस चमकेपर्यंत घासली आणि रोटरचा रोध मोजला. तो ३ ओहमच्या जवळ होता, आणि कडी व रोटरचा दांडा यांत कुठेही जोड लागत नव्हती, म्हणजे रोटर ठीक होता. डायोड प्लेट आणि स्टेटर (रोटरभोवतीची स्थिर गुंडाळी) चांगले होते. नवे कार्बन त्यांनी जुन्याच खोबणीत डाग देऊन बसवले. राळेचा धूर दुकानात पसरला. मागचे बेअरिंग हाताने फिरवताना करकरत होते, म्हणून दोन्ही बेअरिंगे बदलायला मी स्वतःहून सांगितले, कारण अल्टरनेटर खोललेला असताना ती बदलण्याची मजुरी वेगळी पडत नाही.

कार्बन १२०, दोन बेअरिंगे ४५०, नवा बेल्ट ३५०, बॅटरी चार्जरवर लावण्याचे १०० आणि मजुरी ७००, असे एकूण १,७२० रुपये झाले. बॅटरी तीन तास चार्जरवर ठेवण्याचा काकांचा आग्रह रास्त होता, कारण रिकामी बॅटरी भरण्याचा सगळा भार नुकत्याच जोडलेल्या अल्टरनेटरवर टाकणे योग्य नसते.

स्टेटर जळून काळा पडला असेल किंवा रोटरची गुंडाळी तुटली असेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरू नये. त्या वेळी जुना देऊन दुरुस्त केलेला बदली अल्टरनेटर घेणे हा मधला मार्ग आहे. काकांनी माझ्या गाडीसाठी तो ३,८०० रुपयांना सांगितला होता. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले सुटे भागही मिळतात. असा माल घेताना पुली हाताने फिरवून आवाज ऐकावा, पुलीची कडा आणि मागची जाळी गंजली आहे का हे पाहावे आणि आतील सांधीत वाळलेला चिखल असेल तर तो भाग घेऊ नये. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचे असे कितीतरी अल्टरनेटर उघडल्याचे काकांनी सांगितले. बाहेरून पुसलेले असले तरी त्यांची बेअरिंगे थोड्याच दिवसांत खराब होतात. मागच्या प्लेटवरचा अँपिअरचा आकडा, पुलीवरच्या खाचांची संख्या आणि जोडणीच्या पिना आपल्या जुन्या भागाशी ताडून घ्याव्यात.

जोडणी झाल्यावर दुकान सोडण्यापूर्वी स्वतः मोजावे. मंद गतीवर १३.८ ते १४.४ यांच्या दरम्यान व्होल्टेज हवे. दिवे, ब्लोअर आणि वायपर एकदम चालू केल्यावर ते १३.५ च्या खाली जाऊ नये आणि इंजिनाचा वेग वाढवला तरी १४.८ च्या वर चढू नये. मल्टिमीटर एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजल्यास अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये; दिसल्यास एखादा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता असते. आमच्या गाडीचे आकडे मंद गतीवर १४.२, सगळे चालू केल्यावर १३.८ आणि एसी व्होल्टवर ०.०४ असे आले. बिलावर बदललेल्या भागांची नावे आणि तीन महिन्यांची हमी लिहून घेतली, जुने कार्बनही मागून घेतले.

संध्याकाळी साडेपाचला चिपळूण सोडले आणि अंधार पडता पडता गुहागरला पोहोचलो. सोमवारी त्याच घाटाने परतताना कोयनानगरपर्यंत दाट धुके होते, हेडलाइट आणि वायपर सतत चालू होते आणि व्होल्टमीटर १३.९ वर स्थिर होता. नवा बेल्ट थोडा ताणतो, म्हणून पाचशे किलोमीटर झाल्यावर तो पुन्हा आवळून घ्यायला काकांनी सांगितले होते. ते काम मी पुण्यात पुढच्याच आठवड्यात करून घेतले.