उचल, खाडा आणि खेळाचे नियम

सामाजिक प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी व्हिडिओ गेम तयार करावेत, अशा स्पर्धांसाठी गेली काही वर्षे मी मुलांना मार्गदर्शन करते आणि अधूनमधून परीक्षक म्हणूनही बसते. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक प्रवेशिका एकाच साच्यातल्या असतात. नायक धावतो, उड्या मारतो, वाटेतल्या प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करतो आणि शेवटी पडद्यावर ‘पर्यावरण वाचवा’ अशी पाटी झळकते. त्या पिशव्यांच्या जागी सोन्याची नाणी ठेवली, तरी खेळात तसूभरही फरक पडणार नाही. मुलांची तळमळ खरी असते, मेहनतही भरपूर असते. मात्र प्रश्न खेळाच्या नियमांत उतरलेला नसतो, आणि गुणपत्रिकेत ‘संदेश’ नावाचा रकाना असल्यामुळे शेवटच्या पाटीलाच गुण मिळून जातात.

अशा वेळी मी मुलांना ‘डारफर इज डाइंग’ या खेळाविषयी सांगते. सुदानच्या पश्चिमेकडील डारफर प्रांतात २००३ मध्ये संघर्ष पेटला आणि लाखो माणसे घरेदारे सोडून छावण्यांत आली. अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांसाठी चालणाऱ्या एमटीव्हीयू या वाहिनीने रिबॉक ह्यूमन राइट्स फाउंडेशन आणि इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप यांच्यासोबत या प्रश्नावर विद्यार्थ्यांची स्पर्धा घेतली. तीत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातील सुझॅना रुईझ हिच्या नेतृत्वाखालील विद्यार्थ्यांचा खेळ निवडला गेला आणि एप्रिल २००६ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

या खेळाची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. एका कुटुंबातील माणसे समोर उभी असतात आणि पाणी आणायला कोणाला पाठवायचे, ते आपण ठरवायचे असते. साहजिकच हात धडधाकट पुरुषाकडे जातो. त्याला निवडताच खेळ आपल्याला अडवतो: पुरुष सहसा पाण्याला जात नाही, कारण जंजवीद या सशस्त्र टोळ्यांच्या हाती लागला तर तो मारला जाण्याची शक्यता फार असते, दुसऱ्या कोणाला तरी निवडा. मग उरतात बायका आणि मुले. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला घेऊन आपण उघड्या माळावर धावत सुटतो, टोळीची गाडी दिसली की झुडपाआड दडतो आणि पकडले गेलो, तर अशा मुलींवर काय ओढवते ते मोजक्या शब्दांत वाचतो. डारफरमधल्या एका आईला रोज सकाळी कोणता निर्णय घ्यावा लागत होता, हे कळायला वेगळ्या पाटीची गरज उरत नाही. ते काम निवडीच्या त्या एका नियमाने केलेले असते.

नरसंहाराचा खेळ करणे योग्य आहे का, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि मला तो क्षुल्लक वाटत नाही. दुसऱ्याचे दुःख हाताळताना मर्यादा हवीच, आणि ती आखण्याचे काम स्पर्धेचे आयोजकही करू शकतात. अमेरिकेतील जेनिफर ॲन्स ग्रुप ही संस्था प्रेमसंबंधांत किशोरवयीनांवर होणाऱ्या हिंसेविषयी २००८ पासून गेम-निर्मितीची स्पर्धा घेते. ती केवळ विद्यार्थ्यांपुरती नाही, पण तिची एक अट आपल्याकडच्या प्रत्येक आयोजकाने लक्षात घ्यावी अशी आहे: विषय हिंसेचा असला, तरी खेळात हिंसा दाखवायची नाही. या अटीमुळे हाणामारीचा सोपा मार्ग बंद होतो आणि संशय, पाळत, धाक हे सगळे खेळणाऱ्यासमोर कसे उभे करायचे, याचा विचार करावाच लागतो.

आपल्याकडेही नियमांत उतरवता येतील असे प्रश्न आहेत, हे मला एका विद्यार्थिनीने शिकवले. ती बीड जिल्ह्यातली. तिचे आईवडील बरीच वर्षे ऊसतोडीला जात होते. तिच्या गटाने स्पर्धेसाठी हाच विषय घेतला, पण पहिला आराखडा नेहमीच्या वळणाचा होता: ऊस तोडा, मोळ्या बांधा, गाडी भरा, गुण मिळवा. मी तिला संगणक बंद करायला लावून विचारले, की तुमच्या घरी पैशाचा हिशेब कसा चालायचा? तिने वहीच्या कागदावर चौकटी आखल्या आणि दुसऱ्या दिवशी घरून चिंचोके घेऊन आली. हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, म्हणजे उचल; तिच्यासाठी चिंचोक्यांचा ढीग. दिवसभराच्या तोडीमागे ढिगातले थोडे चिंचोके कमी करायचे आणि कामावर न गेलेल्या दिवशी, म्हणजे खाडा पडला की, दंडाचे चिंचोके त्यात परत टाकायचे. आजारपणाची चिठ्ठी निघाली, तर खाडा चुकवता येत नाही. आम्ही पाच-सहा डाव खेळलो आणि माझा ढीग एकदाही संपला नाही. हे फार निराशाजनक होत नाही का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, उचल फिटतच नाही असं नसतं. फिटते कधी कधी. मग मधेच कुणाचं दुखणं निघतं नाहीतर लग्न निघतं, आन् परत उचल घ्यावी लागते.” त्यानुसार तिने नियम बदलला. उचल फिटू शकते, पण नवा हंगाम नव्या खर्चाने सुरू होतो.

तिने आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. खेळात दोघांपैकी कोणालाही निवडता येते. नवऱ्याला निवडले, तर दिवस फडात सुरू होतो. बायकोला निवडले, तर तो अंधारात कोपीसमोरच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीसमोरच्या चुलीपाशी सुरू होतो. भाकरी, पाणी, पोरांचे आवरणे हे सगळे उरकून ती त्याच फडात तेवढाच वेळ राबते, आणि हिशेबाच्या पानावर मात्र मुकादमाने एकच नाव लिहिलेले असते. परीक्षणाच्या वेळी एका परीक्षकांनी तो भाग दोनदा खेळून पाहिला आणि बाईची मजुरी कुठे दिसते, असे विचारले. ती म्हणाली, “सर, हिशेब कोयत्याचा असतो.” या खेळाच्या शेवटी कोणतीही पाटी नव्हती. त्यामुळे संदेशाच्या रकान्यात गुण कमी पडले आणि गटाला क्रमांक मिळाला नाही. मला ते आजही खटकते. तो रकाना काढून टाकावा आणि त्याऐवजी ‘प्रश्न कोणत्या नियमातून कळतो?’ एवढेच विचारावे, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

दुसरी विनंती खेळ जपण्याविषयीची आहे. ‘डारफर इज डाइंग’ फ्लॅश या तंत्रावर चालत असे. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला, त्यामुळे आजच्या ब्राउझरमध्ये तो खेळ पूर्वीसारखा थेट चालत नाही. आपल्या मुलांच्या खेळांना तर तेवढेही आयुष्य मिळत नाही. निकाल लागला, की ते प्रयोगशाळेतल्या एखाद्या संगणकात पडून राहतात आणि पुढच्या वर्षी तो संगणक फॉरमॅट होतो. आयोजकांनी सगळ्या प्रवेशिका, बक्षीस मिळालेल्या आणि न मिळालेल्याही, एका ठिकाणी खुल्या ठेवल्या, तर पुढच्या वर्षीची मुले पिशव्या गोळा करण्यापासून सुरुवात करणार नाहीत.

त्या विद्यार्थिनीने मात्र कोणाची वाट पाहिलेली नाही. तिच्या वस्तीवर लॅपटॉप कोणाकडेच नाही, म्हणून ती सध्या तोच खेळ साध्या अँड्रॉइड फोनवर चालेल असा नव्याने लिहिते आहे. अक्षरे मोठी केली आहेत आणि आईला वाचावे लागू नये, म्हणून हिशेबाच्या पानावर आकड्यांऐवजी चिंचोकेच ठेवले आहेत.